पायाखालची जमीन

बास गिटारचं कव्हर उघडलं की आतून अजून लूमच्या तेलाचा वास येतो आणि मला भिवंडीतली ती संध्याकाळ आठवते. बाबांचे कापड विणायचे लूम भंगारात जाऊन आठवडा झाला होता आणि रिकाम्या कारखान्यात आमच्या बँडची प्रॅक्टिस चालली होती, कारण रविवारी मानकोलीला एका हळदीत वाजवायचं होतं. लूम जिथे उभे होते तिथे तेलाचे काळे डाग होते, कोपऱ्यांत कापसाची धूळ. लूमच्या खडखडाटानं बाबांचे कान कधीच गेले होते, म्हणून मी आवाज बिनधास्त वाढवला. जाड तार वाजली, जमीन थरथरली आणि पलीकडच्या खोलीत जमिनीवर बसलेले बाबा अनवाणीच धावत आले. "कोनता लूम चालू झाला?" कितीतरी महिन्यांनी त्यांचा चेहरा फुलला होता. ड्रमवाल्यानं मान खाली घातली. मी त्यांचा हात धरून स्पीकरवर ठेवला आणि तीच तार पुन्हा वाजवली. त्यांनी तळवा स्पीकरवर दाबून धरला. मग म्हणाले, "हां. लूम न्हाय." जाताना त्यांनी शिफ्ट संपल्यासारखा दाराजवळचा मेन स्विच बंद केला. आजही वाजवताना पायाखालची जमीन थरथरली की मी आधी दाराकडे बघतो.