सातव्या मजल्यावरचं ऊन

मी कमी बोलते असं लोक म्हणतात. साफ चूक. मी अखंड बोलत असते, फक्त आतल्या आत. डोंबिवलीच्या आमच्या घरात आईला वाटायचं, ही पोरगी तोंडात गुळणी धरून बसलीय. तिला काय माहीत, मी मनातल्या मनात तिच्या प्रत्येक वाक्याला उत्तर देत असायचे आणि ती उत्तरं फार झणझणीत असायची. पुढे इलेक्ट्रॉनिक्स शिकले आणि ठाण्यात लिफ्टचे कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत लागले. तिथे मला एक टेबल, एक सोल्डरिंग गन आणि कोणाशीही न बोलण्याची मोकळीक मिळाली. आणखी काय हवं होतं मला!

मग साहेबांनी माझ्या शेजारी त्याला आणून बसवलं.

तो कल्याणचा. इमारतीत लिफ्ट चालू करून द्यायची आणि नंतरच्या तक्रारी निस्तरायच्या, हे त्याचं काम. लिफ्टने कुठे थांबायचं, दार कधी उघडायचं, कधी मिटायचं, हे सगळं ज्या बोर्डावर ठरतं तो बोर्ड जुळवून द्यायचा, हे माझं. नवीन बोर्ड बसवताना आम्ही दोघं त्याच्या बाइकवरून साइटवर जायचो. माजिवड्याच्या सिग्नलला शेजारच्या रिक्षावाल्याचं गाव, त्याच्या मुलीची दहावी आणि त्याचा दुखरा गुडघा, एवढं सगळं त्याला सिग्नल हिरवा व्हायच्या आत कळलेलं असायचं. नंतर घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमध्ये तो ते मला सांगायचा, आणि आदल्या दिवशी कुठल्या सोसायटीत कोण कोणाशी भांडलं तेही. मी हेल्मेटची काच खाली ओढून घ्यायचे.

त्याची बडबड मी सोसली असती. पण एक गोष्ट मला खरोखर खुपायची. बाहेरून विकत घ्यायच्या बोर्डाऐवजी दोन वर्षं खपून मी एक नवा बोर्ड तयार केला होता. शनिवार नाही, रविवार नाही, घरी भाजी चिरतानाही डोक्यात तोच. आणि हा माणूस कुठल्याही काकूंना जाऊन सांगायचा, "आमचा बोर्ड आहे काकू, एकदम भारी!" आमचा? अरे, सोल्डरचा एक थेंब तरी लावलायस का त्याला? अर्थात हे मी आतल्या आतच विचारलं.

तो बोर्ड पहिल्यांदा लागला घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरमध्ये, दिवाळीच्या सुमारास. आणि पणत्या विझतात न विझतात तोच तक्रारी सुरू झाल्या. संध्याकाळी लिफ्ट सातव्या मजल्यावर जायची, दार उघडायची आणि तशीच उभी राहायची. दार मिटायचंच नाही. खाली ऑफिसातून आलेली माणसं हातात भाजीच्या पिशव्या घेऊन ताटकळायची. थोड्या वेळाने लिफ्ट आपणहून शहाण्यासारखी चालायला लागायची. रोज नाही, पण बहुतेक दिवशी. संध्याकाळच्या ट्रॅफिकला भिऊन आमचा गडी तपासायला सकाळी जायचा आणि सकाळी काहीच सापडायचं नाही. सातव्या मजल्यावर 'कोणीतरी' आहे, अशीही कुजबुज झाली. पण बहुतेकांचा राग नव्या बोर्डावर होता, कारण इमारतीत नवीन असं तेवढंच होतं.

शेवटी सोसायटीने रविवारी सभा बोलावली. आमचं पॅनल काढून टाकायचं की ठेवायचं, यावर हात वर करून मत घेणार होते. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि टेबलाकडे बघत म्हणाले, "हे काढलं ना त्यांनी, तर हा बोर्ड आपण बंद करू. पुन्हा बाहेरून विकत घेऊ. तुझं वाईट वाटतं, पण माझा नाइलाज आहे."

मी "बरं" म्हणाले आणि बाहेर येऊन बाथरूममध्ये रडले.

बोर्ड माझ्याशी खोटं बोलणार नाही, हे मला ठाऊक होतं. शेवटचे बिघाड तो लक्षात ठेवतो, आणि दर वेळी त्याची तक्रार एकच होती: दारात कोणीतरी उभं आहे. लिफ्टच्या दाराच्या दोन्ही कडांना सेन्सरच्या पट्ट्या असतात. एका पट्टीतून न दिसणारे किरण निघतात, समोरची पट्टी ते पकडते. मध्ये माणूस आला की किरण अडतात आणि बोर्ड दार उघडं ठेवतो. पट्ट्या आम्ही बदलूनही पाहिल्या होत्या. तरी दारात कोणीतरी उभं होतंच.

"संध्याकाळी जायचं," मी त्याला म्हणाले. "आणि थांबायचं."

"थांबून काय करायचं?"

"बघायचं."

"नुसतं?"

"नुसतं."

त्याचा चेहरा असा झाला की जणू मी त्याला निर्जळी एकादशी सांगितली होती.

मार्गशीर्षातला गुरुवार होता. आम्ही सातव्या मजल्यावर पोचलो. उंच इमारतींमध्ये आग लागली तर लोकांना जमता यावं म्हणून एखाद्या मजल्यावर मोकळा भाग सोडलेला असतो. त्याला सगळे रेफ्युज एरिया म्हणतात. इथे तो सातव्याला होता, लिफ्टच्या अगदी समोर. पुढे भिंत नाही, नुसता कठडा आणि पलीकडे येऊरचे डोंगर. वॉचमनकडून मी एक प्लास्टिकची खुर्ची आणली आणि बसले. तो पाच मिनिटं चुळबुळला आणि म्हणाला, "मी जरा वरखाली जाऊन येतो. लक्ष्मीची पूजा आहे आज घरोघरी, प्रसाद तरी मिळेल." गेला. मला फार बरं वाटलं.

ऊन कलंडलं. माझ्या मानेला चटका बसायला लागला. लिफ्ट वर आली, एक मुलगी बाहेर पडून घरी गेली आणि दार उघडंच राहिलं. मी बघत बसले. दार मिटेना. मान भाजते म्हणून मी उठून उभी राहिले, आणि दार मिटलं.

मी पुन्हा बसले. लिफ्ट पुन्हा आली, दार उघडं राहिलं. मी उठले, दार मिटलं. तिसऱ्या वेळी मी खाली पाहिलं. उभी राहिले की माझी सावली थेट लिफ्टच्या दारावर पडत होती. सावली पडली की पट्टीला दिसायला लागत होतं, आणि ऊन पडलं की तिचे डोळे दिपत होते. दारात 'कोणीतरी' उभं होतं ते ऊन होतं. सकाळी ते तिथे नसायचं, आणि ढगाळ दिवशीही नसायचं.

एवढा आनंद मला दहावीच्या निकालालाही झाला नव्हता. पण तो टिकला नाही. इमारत चार वर्षांची. सूर्य काही दिवाळीला नवीन बसवलेला नव्हता. मग इतकी वर्षं दार कसं मिटत होतं? हे नेमकं माझा बोर्ड आल्यावरच का? तेव्हा पहिल्यांदा मला माझ्याच बोर्डाचा संशय आला.

इतक्यात तो आला. एका हातात शिरा, दुसऱ्या हातात केळी. मी त्याला सावली दाखवली आणि म्हणाले, "पण आत्ताच का?"

त्याने तोंडातला घास गिळला. "अगं, कपाट!"

"कुठलं कपाट?"

"दहा वेळा सांगितलंय तुला बाइकवर! बाराव्या मजल्यावरचे काका, ते छत्रीवाले. त्यांचं लग्नातलं लोखंडी कपाट, गाद्या, आणखी कोणाकोणाचं भंगार, सगळं इथेच उभं होतं, ह्या कठड्याला लागून. भिंतच झालेली. आगीच्या नियमांची नोटीस आली म्हणून कमिटीने दिवाळीत सगळं उचललं. तेव्हापासून काका कोणाशी सरळ बोलत नाहीत. मी गेलेलो ना त्यांच्याकडे चहाला."

मी कपाळावर हात मारला. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ. बोर्ड आला आणि कपाट गेलं ते एकाच आठवड्यात. मी त्या कठड्याशेजारी महिनाभर बसले असते तरी मला ते कपाट दिसलं नसतं, आणि तो महिनाभर चहा प्यायला असता तरी त्याला ती सावली दिसली नसती. मी त्याच्या हातातलं एक केळं घेतलं आणि तिथेच खाल्लं.

"रविवारी तू बोल," मी म्हणाले.

"मीच बोलणार की! टेन्शन नको घेऊ."

रविवारी संध्याकाळी खालचा हॉल भरला होता. साहेब मागे भिंतीला टेकून उभे होते. पहिल्या रांगेत छत्रीवाले काका, पाऊस नसतानाही काळी छत्री काठीसारखी टेकून. तो उभा राहिला आणि सुरू झाला. आधी काकूंना नमस्कार, मग मुलांची चौकशी, मग उन्हाची गोष्ट. लोक हसायला लागले.

"उन्हाने लिफ्ट बंद पडते?" काका म्हणाले आणि छत्री आपटली. "उद्या म्हणाल चांदण्याने पडते! नाचता येईना अंगण वाकडं!"

तो हसला आणि आणखी समजावू लागला. त्याची जीभ जितकी गोड होत गेली तितका लोकांचा विश्वास उडत गेला. आणि माझं लक्ष खिडकीकडे होतं. ऊन डोंगराकडे सरकत होतं. आणखी थोड्या वेळात सूर्य येऊरच्या आड गेला असता, मग सातव्या मजल्यावर दाखवायला काहीच उरलं नसतं. सभा तिथेच मतं घेऊन मोकळी झाली असती. तो बोलतच होता. चेअरमनबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. मी त्याला खुणा केल्या. त्याला वाटलं मी शाबासकी देतेय. त्याने अंगठा वर केला.

मी उभी राहिले. आत हजार वाक्यं होती, त्यातली दोनच बाहेर आली.

"वर चला. आत्ता."

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला, इतका मोठा होता. कोणी हललं नाही. तेवढ्यात तो टाळी वाजवून ओरडला, "चला काका, चला काकू, हाताच्या कांकणाला आरसा कशाला!" आणि त्याच्यामागे अख्खा हॉल निघाला. काही लिफ्टने, काही जिन्याने धापा टाकत.

सातव्या मजल्यावर ऊन थेट आत आलं होतं. लिफ्ट दार उघडं टाकून उभी. सगळे बघत राहिले. दार मिटेना. मी काकांच्या हातातली छत्री काढून घेतली. विचारलं नाही, सरळ घेतली. दार आणि ऊन यांच्यामध्ये उभी राहून ती उघडली.

दार मिटलं.

कोणीतरी बटण दाबलं, दार उघडलं. मी छत्री बाजूला केली, दार उघडंच राहिलं. छत्री आणली, मिटलं. त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि ओठ घट्ट मिटून घेतले. त्याच्या आयुष्यातला तो सर्वांत अवघड क्षण असणार. पुन्हा बटण दाबलं गेलं, मी आणखी एकदा छत्री काढली, पुन्हा धरली. शेवटी मुलं मोठ्याने ओरडायलाच लागली, "बंद! उघड! बंद!"

"ते ठीक," काका म्हणाले. पण आवाज उतरला होता. "मग इतकी वर्षं कशी चालत होती?"

मी त्याच्याकडे वळले. "सांग."

त्याने किती वेळ दम धरला होता कोण जाणे! "काका, तुमचं कपाट!" तो म्हणाला. "तुमचं कपाट इथे उभं होतं म्हणून लिफ्ट चालत होती!"

काका आधी कठड्याकडे बघत राहिले, मग चेअरमनबाईंकडे वळले, आणि त्यांचा चेहरा असा फुलला की विचारू नका. "ऐकलंत? माझं कपाट! मी म्हणत नव्हतो, कपाट काढू नका म्हणून?" चेअरमनबाईसुद्धा हसल्या. ऊन अडवायला सेन्सरवर पत्र्याची छोटी झापड लावायची आणि उन्हाने न दिपणाऱ्या पट्ट्या घालायच्या, एवढंच काम होतं. मतं तिथेच घेतली. बोर्ड ठेवायचा म्हणून पहिला हात काकांचा वर गेला, मग एकेक करत सगळ्यांचे. साहेब जिन्याच्या तोंडाशी उभे होते. त्यांना मत नव्हतं, तरी त्यांनीही हात वर केला.

मी छत्री मिटून काकांना परत दिली. ते माझ्याकडे नीट निरखून बघत म्हणाले, "बाई, एवढं डोकं आहे, मग बोलत का नाही तुम्ही? हा बोर्ड कोणी केला?"

तो पटकन म्हणाला, "हिने, काका. एकटीने. मी फक्त..."

मी त्याला पुढे बोलू दिलं नाही. इतके दिवस मी ज्या शब्दावर मनात दातओठ खात होते, तो माझ्या तोंडून सहज आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बाहेर पडला.

"आमचा आहे, काका," मी म्हणाले. "आमचा बोर्ड आहे. एकदम भारी."