बंदुकीचे कपडे

किस्से जमवायला कुठे जावं लागत नाही. एक शेड, तीन माणसं आणि त्यातला एक डोकं फिरलेला मालक एवढं पुरतं. आमची शेड विचुंब्यात होती, दोन हजार दहा-अकराच्या सुमारास. मालक शिरीष, माझा कॉलेजचा मित्र. धंदा होता पेंटबॉलच्या बंदुकांची कव्हरं बनवण्याचा. पेंटबॉल म्हणजे रंगाच्या गोळ्या झाडून एकमेकांना रंगवायचा खेळ. त्या बंदुकीवर वरून कव्हर चढवायचं, कंटाळा आला की काढून दुसरं लावायचं. बाहेरून येणारी कव्हरं प्लास्टिकची आणि महाग. शिरीषचा हट्ट, की आपली इथे मिळेल त्या वस्तूची बनवायची.

*

शिरीषसाठी स्थळ बघायला आम्ही खांदा कॉलनीत गेलो. मुलीच्या वडिलांनी विचारलं, मुलगा काय करतो? मावशींना, म्हणजे त्याच्या आईला, आम्ही ‘प्रॉडक्ट डिझायनर’ हे चार वेळा पाठ करून घेतलं होतं. ऐन वेळी त्या गडबडल्या.

"बंदुकांना कपडे शिवतो," म्हणाल्या.

वडिलांनी चहाचा कप खाली ठेवला. "कुणाच्या बंदुकांना?"

लग्न झालं. सासरे मात्र अजून त्याच्याशी जपूनच बोलतात.

*

पहिला प्रयोग कागदाच्या लगद्याचा. गणपती करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाने कृती सांगितली: कागद, मैद्याची खळ आणि मेथीची पूड. मेथी वासासाठी असेल असं समजून आम्ही ती गाळली. शनिवारी सहा कव्हरं वाळत ठेवली. सोमवारी साडेतीन उरली होती. उंदीर! मेथीचा कडूपणा त्यांच्यासाठी होता.

शिरीषने कुरतडलेलं अर्धं कव्हर उचलून पाहिलं. मग म्हणाला, "पर्यावरणपूरक आहे, हे तरी सिद्ध झालं."

*

मग बांबू. एका बुरडाकडून सुबक विणून आणलं. इतकं देखणं कव्हर आम्ही पुन्हा कधीच बनवलं नाही. पहिली गोळी त्यावर फुटली आणि रंग विणीतून थेट आत गेला. ती बंदूक चार दिवस निळं थुंकत होती. कव्हर मावशींनी घरी नेलं, त्यात चमचे ठेवतात.

*

शेवटी धर्माकाका आले. गव्हाणकडचे कोळी, जन्मभर होड्या बांधलेला माणूस. खाडीत भराव पडला तसं होड्यांचं काम आटलं आणि मुलगा बंदरात नोकरीला लागला. घरी बसून खायची काकांना लाज वाटायची. होडीच्या फटीत भरतात तो काथ्या रेझिनमध्ये बुडवून त्यांनी असं कव्हर केलं, की शिरीष त्यावर उभा राहून नाचला. तडा नाही.

लगेच वीस कव्हरांची ऑर्डर मिळाली, मापाला गिऱ्हाइकाच्या एकाच बनावटीच्या वीस बंदुकाही आल्या. काकांनी महिनाभर खपून वीसही केली. प्रत्येक कव्हर आपापल्या बंदुकीवर कातडीसारखं बसत होतं आणि दुसऱ्या कुठल्याच बंदुकीवर बसत नव्हतं! काकांनी एकेक बंदूक मांडीवर घेऊन, दोरीने मापून, तिच्या पोच्या-ओरखड्यांसकट तिच्यापुरतंच बेतलं होतं.

शिरीषने समजावलं, की एकच साचा करा आणि सगळी त्यावरून काढा. काका चिडले. होडीला ते होरी म्हणत. "दोन होऱ्या कंदी सारक्या असतात का? साच्यातनं होरी नाय निंगत."

*

कुठलंही कव्हर कुठल्याही बंदुकीवर बसलं पाहिजे, असं सांगून गिऱ्हाइकाने आठ दिवसांची मुदत दिली. नाही जमलं तर ऑर्डर रद्द, आणि मग काकांना ठेवणं आम्हाला परवडणार नव्हतं. हे त्यांना सांगायचं काम माझ्याकडे आलं. मी कसंबसं सांगितलं. काका एक बंदूक आणि रेझिनचा डबा पिशवीत टाकून घरी गेले.

पाचव्या दिवशी मी गव्हाणला गेलो. त्यांच्या दारासमोर त्यांची स्वतःची सागवानी होडी उलटी घालून ठेवलेली होती, वरून ताडपत्री, खालून काठाचा निळा पट्टा दिसत होता. भराव पडल्यापासून ती पाण्यात गेली नव्हती, पण दर वर्षी काका तिला तेल लावायचे. भंगारवाल्याला त्यांनी दोनदा हाकलून दिलं होतं. काका मागच्या दारी होते, त्यांची बायको म्हणाली काम चाललंय, आत येऊ नका. मी परत आलो.

आठव्या दिवशी काका नवी वीस कव्हरं घेऊन शेडवर आले, मागोमाग गिऱ्हाईक आलं. त्याने वीसही कव्हरं जमिनीवर ओतली, कालवली आणि हाताला येईल ते, हाताला येईल त्या बंदुकीवर चढवून पाहिलं. टक, टक, टक. वीसच्या वीस बसली. शिरीषने माझा दंड इतका दाबला की वळ उठला.

गिऱ्हाइकाने साचा बघायला मागितला. काकांनी पिशवीतून काढून दिला. जुनं, काळपट सागवान, तेल पिऊन गुळगुळीत झालेलं. एका कडेला निळ्या रंगाचा पट्टा राहिला होता.

"साचा मस्त आहे," तो म्हणाला. "पण हा मोडला तर?"

काकांनी साचा त्याच्या हातातून परत घेतला, पंच्याने पुसला.

"होरी बरीच हाय अजून," म्हणाले.