पंजाबची कॅसेट

एकोणऐंशीच्या उन्हाळ्यापासून भिवाजी माईकमध्ये बोलेनासा झाला.

कारंज्यात लग्न असो, भीमजयंती असो की निवडणुकीची सभा असो, कर्णा लावायचा तर भिवाजीनंच. त्याचं "हलो, हलो, एक, दोन, तीन" ऐकू आल्याशिवाय नवरदेव मांडवात पाय ठेवत नाही, अशी लोक थट्टा करायचे. आता तो माईकवर नुसती टिचकी मारायचा. टक् टक् वाजलं की झालं काम. पोट्टे मागं लागायचे, "भिवाकाका, एकडाव हलो म्हणा ना!" तर हा त्यांच्या अंगावर धावून जायचा. अहो, लेकरावर हात उगारणारा माणूस नव्हता हो तो! भाचा गेला म्हणून डोक्यावर परिणाम झाला, असं गावानं ठरवून टाकलं. गावाला काय, कारण लागतं. भाचा गेला हे खरं होतं. बाकीचं कोणाला ठाऊक नव्हतं.

भाचा म्हणजे पंजाब. भिवाजीच्या थोरल्या बहिणीचा, सीताबाईचा एकुलता एक. भिवाजी बहिणीला नुसतं बाई म्हणायचा. बाईचा नवरा लवकर गेला. तिनं जिनिंगात सरकी-रुईच्या धुळीत उमर काढली आणि पोराला शिकवलं. जिनिंगच्या घरघरीनं तिचे कान गेले. कोणी कानाशी तोंड नेऊन ओरडलं तर थोडंफार ऐकू यायचं, एरवी नुसतं हो हो करायची. पण डोळे शाबूत होते, आणि विहारातल्या रात्रीच्या वर्गात ती मोठी अक्षरं वाचायला शिकली होती. बाबासाहेबांच्या फोटोखालचं नाव पहिल्यांदा वाचलं, तेव्हा सगळ्या वस्तीला बोलावून दाखवलं होतं तिनं.

पंजाब शिकत शिकत पार अमेरिकेत गेला. चेहरा बापाचा, पण गळा अगदी मामाचा. दारात उभा राहून "बाई, घरात हायेस काय?" असं मामासारखं ओरडायचा. माय फसायची, "ये भिवा" म्हणायची, आणि मग हा हसत आत यायचा. दर वेळी फसायची बिचारी.

आदल्या वर्षी दसऱ्याला तो आला, दीक्षाभूमीवर जाऊन आला, आणि येताना एक खोकं घेऊन आला. टाइपरायटरसारखी बटणं, एक बारका पडदा आणि सोबत कॅसेटचा टेपरेकॉर्डर. घरी वापरायचा कॉम्प्युटर म्हणे! वस्तीनं तोवर टीव्हीही पाहिला नव्हता. अमेरिकेचं यंत्र आपल्या विजेवर जळून गेलं असतं, म्हणून भिवाजीनं दोन दिवस बसून त्याच्यासाठी ट्रान्सफॉर्मर गुंडाळून दिला. यंत्र सुरू केलं तर पडद्यावर इंग्रजी शब्द उमटला आणि पुढं काही होईना.

"हा कंपनीचा कारभारी," पंजाब म्हणाला. "याले इंग्रजीशिवाय काही येत नाही. मशीन कंपनीची असली तरी कारभारी कंपनीचाच कायले पाहिजे, मामा? म्या माझा बनवला."

त्या कारभाऱ्याला तो ऑपरेटिंग सिस्टीम म्हणायचा. कंपनीची बाजूला सारायची आणि त्यानं स्वतः लिहिलेली बसवायची. ती होती कॅसेटमध्ये. दर वेळी यंत्र सुरू केलं की कॅसेट लावायची, टेपची पिन यंत्रात खोचायची आणि यंत्रानं कॅसेट ऐकेपर्यंत वाट पाहायची. ऐकत असलं की पडद्याच्या कोपऱ्यात दोन चांदण्या लुकलुकायच्या. मग पडदा कोरा व्हायचा आणि चौकटी चौकटी जोडून मोठाल्या अक्षरात उमटायचं:

माय, जेवली काय?

सीताबाईनं बोट ठेवून एक एक अक्षर वाचलं. मग तोंडावर पदर घेतला. पंजाबनं दोन बटणांवर कागद चिकटवले होते, एकावर हो, दुसऱ्यावर नाही. तिनं नाही दाबलं, तर पडदा म्हणाला, मंग आधी जेव. काय हसली ती त्या दिवशी!

"आता म्या असो का नसो, मशीन रोज विचारीन," पंजाब म्हणाला. पोरगं बोलून गेलं. लावायचं कसं ते त्यानं मामाला शिकवलं, पण मामाचं लक्ष होतं ट्रान्सफॉर्मर तापतो काय तिकडं. पंजाब परत गेला. आता पुढच्या दसऱ्यालाच लावू, उगाच बिघडायला नको, म्हणून बाईनं यंत्रावर लुगड्याचा कपडा घातला.

माघात तार आली. तिकडं बर्फावरून गाडी घसरली होती. तिकडेच माती झाली. मागाहून एक पेटी आली, तिच्यात कपडे होते आणि पुस्तकं होती. कॅसेट एकही नव्हती.

पुण्यानुमोदन झालं, पाहुणे पांगले, आणि बाईनं खाणं सोडलं. हट्ट नव्हता तो. ताट समोर असायचं आणि ती बघत बसायची. शेजारची गोजराबाई घास करून तोंडाशी न्यायची, तर बाई तोंड फिरवायची. भिवाजी कानाशी ओरडून ओरडून थकला. महिन्याभरात तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. हीही जाते आता, हे भिवाजीला स्वच्छ दिसत होतं. आणि एका दुपारी तीच म्हणाली, "भिवा, ते लाव. त्यानं इचारलं तर जेवतो म्या."

भिवाजीला वाटलं, सुटलो! कर्ण्या-टेपचं आपलं दुकान बंद करून तो धावतच आला. कपडा काढला, ट्रान्सफॉर्मर जोडला, पंजाबची कॅसेट टेपमध्ये घातली, पिन खोचली, आठवतील तशी बटणं दाबली. टेप फिरायला लागली. पण चांदण्या काही येईनात. पुन्हा लावली. काही नाही. बाई बाजूला बसून पडद्याकडे टक लावून पाहत होती.

टेपच बिघडला की काय, असं त्याला वाटलं. आणि इथं त्याची आयुष्यभराची सवय आडवी आली. टेप नीट आहे का हे बघायचं, तर हा गडी वीस वर्षं एकच करत आला होता. त्यानं पिन काढली, अंगठ्यानं टेपची प्ले आणि रेकॉर्डची दोन्ही बटणं एकदम दाबली आणि तोंड जवळ नेऊन म्हणाला, "हलो, हलो, एक, दोन, तीन."

बोट वर उचलायच्या आत त्याला कळलं, आत पंजाबचीच कॅसेट होती.

कॅसेटच्या पाठीवरचा प्लास्टिकचा तुकडा मोडून टाकला, तर तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. दुकानातल्या सगळ्या कॅसेटींचे तुकडे भिवाजी स्वतःच्या हातानं मोडायचा. पंजाबनं मोडला नव्हता. पुढच्या खेपेला तो आणखी काही भरणार होता ना!

मग भिवाजीनं यंत्रासोबत आलेली कंपनीची कॅसेट लावून पाहिली. आवाजाचं चाक थोडंसं वर फिरवलं, तर चांदण्या लख्ख लुकलुकल्या. म्हणजे पुसेपर्यंत पंजाबचं काम शाबूत होतं, टेप शाबूत होता, यंत्रही ठीक होतं. फक्त आवाज कमी पडत होता. ज्याचा जन्म आवाज कमी-जास्त करण्यात गेला, त्याला तेवढं सुचलं नाही. पंजाबची कॅसेट त्यानं पुन्हा पुन्हा लावली, चाक सगळ्या बाजूंनी फिरवलं. सुरुवातच पुसली गेलेली, यंत्राला पुढचं काही कळेना. शेवटी, किती पुसलं गेलं ते ऐकावं म्हणून त्यानं पिन ओढून काढली आणि टेप नुसताच वाजवला. चाक शेवटापर्यंत चढवलेलं होतं. खोलीभर आवाज घुमला. "हलो, हलो, एक, दोन, तीन." आणि मग पंजाबनं रात्री जागून लिहिलेलं सगळं, नुसती कर्रर्र किंकाळी होऊन.

बाईनं दोन्ही हातांनी टेप धरला.

"पंजाब!" ती म्हणाली. "भिवा, पंजाब बोलला! आणखी लाव."

तिचा हात धरून सांगायचं होतं, तेव्हाच सांगायचं होतं. नाही सांगितलं. त्यानं टेप मागं घेतली आणि पुन्हा लावली. त्या रात्री बाईनं अर्धी भाकर खाल्ली.

तेव्हापासून रोज दिवेलागणीला भिवाजीला दुकान सोडून तिच्याकडे जावं लागायचं. पडद्यावर तिनं पुन्हा कपडा घातला, तिला आता टेपच पुरे होता. आपण भाच्याचं काम पुसलं, वर त्याच्या जागी बसून बहिणीला फसवतो, ह्या विचारानं भिवाजी आतून पोखरला जात होता. मांडवात माईक हातात घेतला की हलो म्हणायच्या आधीच टिचकी मारून तो मोकळा व्हायचा. सांगावं तर ती पुन्हा ताट ढकलणार. न सांगावं तर रोज हे ऐकायचं. त्याच्या तोंडाला चव राहिली नाही. बहीण सावरायला लागली आणि भाऊ वाळायला लागला.

जेठाच्या शेवटी एका संध्याकाळी तो ठरवूनच निघाला. बाई, तो आवाज माझा हाये, पंजाबचं म्याच पुसलं. वाटभर हेच घोळवत गेला. बाई ताट वाढून, त्यावर दुसरं ताट झाकून, टेपसमोर बसली होती.

"आज उशीर केला तू," ती म्हणाली. "तो ताटकळला असन ना."

"बाई, मले तुले एक सांगाचं हाये," भिवाजी तिच्या कानाशी ओरडला.

"मंग सांगजो. आधी लाव."

त्यानं लावली. बाई टेपच्या अगदी जवळ सरकली.

"हलो, हलो."

"हो रे बावा, आयकून राह्यली म्या," ती टेपला म्हणाली. "जेवला काय तू?"

"एक, दोन, तीन."

बाईनं मागं वळून भावाकडे पाहिलं. किती दिवसांनी तिचा चेहरा असा उजळला होता.

"तीन खाल्ल्या म्हणते, भिवा. पोट भरलं त्याचं." तिनं झाकण काढलं, भाकरी मोडली आणि पहिला घास घेतला. खाता खाता विचारलं, "तू काय सांगून राह्यला होता?"

"काही नाही," भिवाजी म्हणाला. तिच्या कानाशी, पण आवाज बारीक काढून म्हणाला; टेपमधल्या आवाजाशी जुळू नये म्हणून तो हल्ली तिच्याशी तसाच बोलायचा. मग त्यानं टेप मागं फिरवली आणि दुसऱ्या दिवसासाठी सुरुवातीला आणून ठेवली.