बत्तीस गुप्त शब्द आणि राघोची वही

आमच्या डोंबिवलीच्या इमारतीत धम्मपालला सगळे कॉम्प्युटरवाला म्हणतात, पण त्याची नोकरी एमआयडीसीत, रंगाच्या कारखान्याच्या लॅबमध्ये. कोडिंग हा त्याचा रविवारचा नाद. बाकीचे पुरुष मटणाच्या रांगेत, हा टिपणं लिहीत बसलेला. मराठीत, स्वतःच्या साइटवर. गॅसबुकिंगचा मेसेज दोनदा का येतो, पासवर्ड कसा फुटतो, असले विषय. वाचक अकरा. त्यांतली एक मी; चिडवायला काहीतरी हाताशी हवं म्हणून.

गेल्या वर्षी रिडेव्हलपमेंट आलं. बिल्डर दोन, त्यातला एक सेक्रेटरी हरिहररावांचा लाडका. मतदान हात वर करून व्हायचं होतं. पण सोसायटीचा शिक्का हरिहररावांच्या कपाटात, आणि विरोधात बोलणाऱ्याच्या छताची गळती दोन पावसाळे तशीच. हात वर करतंय कोण?

तेव्हा धम्मपाल उठला. "मी गुप्त मतदानाचा प्रोग्राम लिहितो."

"लिही बाबा," मी म्हटलं, "तेवढाच बारावा वाचक मिळेल."

सगळ्यांत जास्त अडलं होतं तिसऱ्या मजल्यावरच्या उत्तराकाकूंचं. गुडघे गेलेले, इमारतीला लिफ्ट नाही. घर विकून त्यांना बाळकुमला बहिणीशेजारी जायचं होतं. गिऱ्हाईक ठरलं होतं, फक्त त्याच्या बँकेला सोसायटीची एनओसी हवी होती. म्हणजे हरिहररावांचा शिक्का. आणि मत द्यायचं होतं त्यांच्याच बिल्डरच्या विरोधात, कारण त्याने काकूंच्या भावाची इमारत पाडून त्याला सहा वर्षं भाड्याच्या खोलीत ठेवलं होतं.

"कुणाला कळणार नाही ना रे?"

"काकू, मलासुद्धा कळणार नाही."

त्याने जिन्यात उभं राहून समजावलं. गव्हाचं पीठ होतं, पिठाचे परत गहू होत नाहीत. आपला फ्लॅट नंबर आणि मनातला एक गुप्त शब्द फोनवरच्या प्रोग्रामात टाकायचा, तो दळून आठ अक्षरांचा कोड देतो. चिठ्ठीवर कोड आणि मत लिहून चिठ्ठी डब्यात टाकायची. मग सगळे कोड मतांसकट बोर्डावर. आपला कोड आपल्यालाच ओळखू येणार, दुसऱ्याला नाही. "प्रोग्राम सगळ्यांकडे असू दे. लपवायचा तो फक्त आपला शब्द."

हरिहररावांना काही ते जमेना. धम्मपालने तीन संध्याकाळी त्यांच्या घरी बसून शिकवलं. ओळीत कुठे काय टाकायचं, कुठे दाबायचं.

आता आमची खोड ऐका. गेटवर वॉचमन राघोच्या टेबलावर एक वही असते. आपण घरी नसलो की पार्सल त्याने घ्यावं म्हणून फ्लॅट नंबर आणि ओटीपी त्या वहीत लिहून जायचा. गुप्त शब्द विसरलो तर? मी आपली वहीत लिहून टाकला: नऊ नंबर, कोथिंबीरवडी. माझ्याखाली दहा नंबरने लिहिला, त्याखाली अकराने. दोन दिवसांत बत्तीस फ्लॅटांपैकी धम्मपालचा सोडून सगळे.

काकूंना खाली उतरवेना. त्यांनी माझ्या हाती घडी घातलेली चिठ्ठी दिली. "हेमांगी, तू लिही गं. मी तोंडाने नाही सांगणार." आत नवऱ्याचं नाव होतं. काका जाऊन बारा वर्षं झाली, त्याआधी लग्नाची चाळीस, पण काकूंनी ते नाव कधी उच्चारलेलं कुणी ऐकलं नव्हतं. मी ते ठळक अक्षरात वहीत लिहिलं.

निकाल लागला: अठरा विरुद्ध चौदा, हरिहररावांचा बिल्डर. धम्मपालने त्यावर लांबलचक टिपण लिहिलं. बऱ्याच दिवसांनी त्याची मान ताठ दिसली.

आठवड्याने काकू माझा हात धरून एनओसी मागायला तीन मजले उतरल्या. हरिहररावांनी खुर्ची दिली आणि हसले.

"काकू, जन्मात यजमानांचं नाव घेतलं नाहीत, आणि वहीत काय झकास घेतलंत!"

काकूंनी पदर डोक्यावर ओढला.

"एनओसीचं ना? कमिटीत घेऊ."

"कमिटी कधी आहे?" मी विचारलं.

"बघू."

मी धम्मपालला जाऊन सांगितलं. त्याने राघोची वही उघडली, एकच पान पाहिलं आणि मिटली. मला वाटलं ओरडेल. तो नुसता म्हणाला, "वहिनी, मी हे लिहायला हवं होतं. वहीत लिहू नका, असं. नंबर आणि शब्द हाती आला की कुणीही तोच कोड काढतो, आणि मत तर बोर्डावरच."

पुढच्या सभेत मात्र बोंब झाली की मतं धम्मपालनेच फोडली. मागून कुणीतरी म्हणालं, "असल्यांच्या हातात द्यायलाच नको होतं." ‘असल्यां’चा अर्थ सगळ्यांना कळला. एकतीस माणसं फरशीकडे बघत बसली. जिला एरवी गप्प बसवत नाही ती मीसुद्धा.

गिऱ्हाईक दोन महिने थांबलं आणि कल्याणला घर घेऊन मोकळं झालं.

त्या संध्याकाळी मी काकूंकडे मटार सोलत बसले होते. धम्मपाल आला, दारातच उभा राहिला.

"तू तर म्हणाला होतास, कुणाला कळणार नाही," काकू म्हणाल्या.

"हो काकू. म्हणालो होतो."

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं. वही, चिठ्ठी, माझं ठळक अक्षर, सगळं त्याला ठाऊक होतं. मी शेंगा सोलत राहिले.

काकूंनी त्याला आत ये म्हटलं नाही. तो जिना उतरून गेला.

"मुलगा वाईट नव्हता गं," काकू म्हणाल्या.

मी म्हटलं, "नाहीतर काय."