वेणीतला धडा

रोज सकाळी रफूवाली लेकीच्या दोन वेण्या घालायची. पुस्तक आरशाला टेकवलेलं असायचं आणि हातांबरोबर तिचं तोंडही चालायचं. डावी वेणी होईतो धडा निम्मा व्हायचा, उजवीला रिबीन बांधेपर्यंत संपायचा. बिट्टी मागोमाग म्हणत जायची. आई मधेच "मान सरळ ठेव" म्हणाली, की कधी कधी तेही धड्यातलंच समजून म्हणून टाकायची. एकदा कानावर पडलेलं ती विसरत नसे. पुस्तकातली अक्षरं मात्र तिसरीत आली तरी तिला ओळख देत नव्हती.

रफूवाली लाँड्रीच्या मागच्या खोलीत बसायची. ठिणगीनं जळलेले कोट, खिळ्याला अडकून फाटलेल्या शाली तिच्यापुढे यायच्या. कापडाच्या शिवणीतलाच धागा काढून ती भोक असं बुजवायची, की गिऱ्हाईक कपडा उजेडात धरून विचारायचं, फाटलं होतं ते कुठे? दिवसभरात तिच्याशी कुणी बोललं तर तेवढंच. नवरा परगावी नोकरीला. रविवारी त्याचा फोन यायचा आणि पोरीचा विषय निघाला की नेमकी त्याची रेंज जायची. नणंद जवळच राहायची. तिचं म्हणणं, चांगल्या पोरीवर शिक्का मारून घ्यायची हिला कसली हौस?

तरी रफूवालीनं शाळेत अर्ज दिला. मुलीची तपासणी करा, तिला शिकवायची काही वेगळी रीत असेल तर सांगा. अर्जावर वर्गशिक्षिकेचा शेरा लागत होता. बाई मनानं चांगल्या होत्या, पण त्याच अडल्या. मुलगी घडाघडा वाचते, घरचा अभ्यास रोज पूर्ण, मग मी लिहू काय?

घरचा अभ्यास बिट्टीचा हात धरून कोण लिहितं, हे सांगताना रफूवालीला वर बघवेना.

"थोडे दिवस तुम्ही काहीच करू नका," बाई म्हणाल्या. "मला दिसू दे."

दुसऱ्या दिवशी पुस्तक दप्तरातच राहिलं. बिट्टी आरशातून आईकडे बघत होती.

"आई, धडा?"

"आज नको. घसा बसलाय माझा."

"मग हळू म्हण ना. मला ऐकू येईल."

रफूवालीनं केसांची पिन दातांत धरली, म्हणजे उत्तर द्यायला नको.

दुपारी बाईंनी बोलावून घेतलं आणि व्हरांड्यात उभ्या उभ्याच सांगितलं. वाचायची पाळी आल्यावर बिट्टी उभी राहिली. शेजारणीचं बघून नव्या धड्याचं पान बरोबर उघडलं, ओळींवर बोट ठेवलं आणि आदल्या दिवशी झालेला धडा पहिल्यापासून म्हणायला लागली. बोट ओळींवरून सरकत होतं. मुलं हसली, तरी ती थांबली नाही. धडा संपवूनच खाली बसली.

"माझ्या आधीच लक्षात यायला हवं होतं," असं म्हणून बाईंनी शेरा लिहिला, सही केली. तपासणी पुढच्या महिन्यात होणार होती.

एवढे दिवस जे मागत होती ते मिळालं होतं आणि ते सांगावं असं कुणी नव्हतं. लाँड्रीत परतल्यावर एका शालीचं रफू तिला दोनदा उसवावं लागलं.

घरी बिट्टीनं शाळेतलं काही सांगितलं नाही, तक्रारही केली नाही. डबा घासायला टाकला, बूट जागेवर ठेवले आणि खिडकीशी जाऊन बसली.

सकाळी रफूवालीनं आपणहून पुस्तक काढलं, पान उघडलं, आरशाला टेकवलं. शेरा झाला होता, आता म्हणायला हरकत नव्हती. तिनं पहिली ओळ म्हटली आणि थांबली. मागोमाग आवाज आला नाही.

"राहू दे," बिट्टी म्हणाली. "तुझा घसा बसलाय ना."

आरशात तिचे डोळे पुस्तकाआड गेले होते. दिसत होता तो फक्त भांग. रफूवालीनं केसांचे तीन पेड केले.

"मान सरळ ठेव," ती म्हणाली.