भट्टीशेजारी प्राणायाम

आमच्या शेठजींच्या हृदयात डॉक्टरांनी स्प्रिंग बसवली आणि त्रास आम्हाला सुरू झाला.

मी जालना एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलच्या ऑफिसात आहे. गेटपास करणं, माल रवाना करणं, ट्रकवाल्यांची भांडणं मिटवणं आणि ज्या कामाला दुसरं कुणी हो म्हणत नाही ते करणं, ही माझी नोकरी. मूळचा तीर्थपुरीचा. तिकडची शेती भाऊ बघतो, इकडचं लोखंड मी बघतो. शेठजींचं घराणं राजस्थानातलं, पण जालन्यात इतकं मुरलेलं की ते देवाशी मारवाडीत बोलतात, व्यापाऱ्यांशी हिंदीत बोलतात आणि शिव्या मात्र अस्सल मराठवाडीत देतात.

स्प्रिंग बसल्यावर मुलींनी त्यांना एका निसर्गोपचार केंद्रात नेऊन सोडलं. तिथं आपल्यावर काय काय प्रयोग झाले ते परत आल्यावर त्यांनी आम्हाला जेवणाच्या सुट्टीत सांगितलं, आणि इतक्या बारकाईनं सांगितलं की एनिमाचं प्रकरण निघताच आमच्या कॅशियरनं डबा बंद केला. शेठजी निम्मे होऊन आले होते. सदरा खुंटीला टांगल्यासारखा दिसत होता, पण डोळ्यांत तेज होतं. असं तेज मी नव्यानं गुरू केलेल्या माणसांच्या डोळ्यांत पाहिलंय आणि त्यापासून चार हात लांब राहावं हे मला कळतं. पण पगार तिथंच होता, मग लांब जाणार कुठं?

एका सकाळी त्यांनी सगळ्यांना वजनकाट्याजवळ गोळा केलं. रात्रपाळीचे जाणारे, दिवसपाळीचे येणारे, सगळे. म्हणाले, "ही फॅक्टरी म्हणजे एक शरीर आहे."

मागून कुणीतरी हळूच विचारलं, "मंग आपण त्याचं काय?"

दुसऱ्यानं जे उत्तर दिलं ते इथं लिहिता येत नाही, पण त्यावर शेवटची रांग पोट धरून हसली. शेठजींना वाटलं, लोक खूश झाले. त्यांनी तिथंच जाहीर केलं की उद्यापासून प्राणायाम, चहा बंद, काढा सुरू. आणि या कार्यक्रमाचा प्रमुख मी.

मी ऑफिसात जाऊन विनवून पाहिलं. "शेठजी, मला यातलं काही कळत नाही."

"कळायला कशाला पाहिजे? तुमचं पोट बघा की भाऊसाहेब. हे कमी झालेलं दिसलं की बाकीच्यांना बराबर भरोसा येईल."

बायकोला घरी हे सांगितलं तर ती इतकी हसली की पोळी करपली.

दुसऱ्या दिवशी आमचा पहिला प्राणायाम झाला. शेठजी पुढे, त्यांच्या बाजूला मी, आणि समोर पोत्यांवर बसलेली माणसं. शेठजी म्हणाले, "दीर्घ श्वास घ्या. आत, आत, अजून आत." नेमकं त्याच वेळी शेजारच्या मिलच्या धुराड्यानं काळा लोट सोडला आणि वारा आमच्याकडं होता. सगळ्यांनी तो मनापासून आत घेतला. मग जे खोकणं सुरू झालं ते पाळी लागेपर्यंत थांबलं नाही. शेठजी खोकत खोकत म्हणाले, "आतला मळ बाहेर पडून राह्यला."

काढ्याचं तर विचारूच नका. गुळवेल, ओवा, तुळस, आणखी कसल्या कसल्या मुळ्या. रंग ग्रीससारखा. माणसं पेला घ्यायची, शेठजींना दाखवून ओठाला लावायची आणि मागच्या कडुनिंबाच्या बुंध्याशी ओतायची. गेटबाहेरच्या चहाच्या टपरीवर मात्र लग्नातल्या पंगतीसारखी गर्दी. टपरीवाला मला एकदा म्हणाला, "साहेब, तुमच्या शेठजींची तब्येत अशीच चांगली राहू द्या."

मग शेठजींनी एक डॉक्टरीणबाई आणल्या. आयुर्वेद शिकलेल्या, योग शिकवणाऱ्या, वर समुपदेशनही करणाऱ्या. मला वाटलं, आता हे दुखणं तिप्पट झालं. पण बाई वेगळ्या निघाल्या. स्कूटीवरून आल्या, ओढणी कमरेला खोचली आणि पहिल्यांदा म्हणाल्या, "मिल दाखवा."

शेठजींनी ऑफिसातच त्यांना बेत ऐकवला होता. कामगारांसाठी बाष्पस्नानाची खोली बांधायची. घामावाटे सगळे दोष निघून जातात, त्यांचे स्वतःचे तसेच निघाले होते. बाई माझ्यामागे शेडमध्ये आल्या. भट्टीतून बिलेट, म्हणजे लोखंडाचा लाल ठोकळा, निघत होतं, रोलरमधून सळई सापासारखी सळसळत बाहेर येत होती आणि माणसं सांडशीनं तिचं तोंड पकडून पुढच्या रोलरमध्ये घालत होती. बाई तिथं थोडाच वेळ उभ्या राहिल्या. बाहेर आल्या तेव्हा चेहरा टोमॅटोसारखा झाला होता आणि कुडता पाठीला चिकटला होता.

ऑफिसात जाऊन त्या शेठजींना म्हणाल्या, "बाष्पस्नान राहू द्या. तुमच्याकडं आधीच आहे."

त्यांनी सायकल स्टँडच्या सावलीत एक खाट टाकून घेतली आणि एकेका माणसाला बोलावून विचारू लागल्या, काय दुखतं? आधी कुणी जाईना. बाईमाणसाला काय सांगायचं? मग मी प्रमुख म्हणून पुढे गेलो. त्यांनी बोट टोचून साखर तपासली आणि माझ्याकडं असं पाहिलं की मी खिशातला पेढा खिशातच चुरगाळला. "कार्यक्रमाचे प्रमुख तुम्हीच का?" एवढंच म्हणाल्या. ही बातमी माझ्याआधी शेडमध्ये पोचली आणि त्यानंतर माणसं रांगेनं यायला लागली. साहेबाचं निघालं, मग आपलं निघायला काय लाज?

त्यात सांडशीवर काम करणारा एक जण होता. हसनाबादकडचा, म्हणून सगळे त्याला हसनाबादवालाच म्हणायचे. उंच, दणकट, तोंडाचा फाटका. शेठजींच्या सभेत ते न लिहिता येणारं उत्तर दिलं होतं ते यानंच. त्याला खाटेवर बसवलं तेव्हा मी शेजारीच होतो.

"काय होतंय?" बाईंनी विचारलं.

"काही न्हाई. बैलासारखा आहे."

"झोप?"

तो हसला. "झोप कुठली मॅडम? रातपाळी असली की सकाळी खोलीवर गेल्यावर वरून पत्रा तापतो. कुशी बदलता बदलता परत पाळी येते. पण चाल्तंय."

"पाणी किती पिता?"

"पाण्याला जायचं म्हंजे सळई सोडून जायचं. ती काय थांबून राह्यती का माझ्यासाठी?"

बाईंनी त्याला लिंबू-मीठ-साखरेचं पाणी सोबत ठेवायला सांगितलं. तो उठताना म्हणाला, "म्हंजे काढाच की, फक्त गोरा," आणि हसत गेला. बाई हसल्या नाहीत.

त्याच आठवड्यात शेठजींनी हास्ययोग काढला. दोन्ही हात वर करायचे आणि मोठ्यानं हसायचं. शेठजींनी हात वर केले आणि हा हा हा करून दाखवलं. समोरची माणसं शोकसभेला आल्यासारखी उभी. शेठजी पुन्हा हसले. वजन उतरल्यानं त्यांची पँट आधीच सैल झालेली, तिसऱ्या हा हा ला ती घसरली. त्यांनी हात खाली आणून ती धरली खरी, पण तोवर हसनाबादवाला ओरडला, "शेठजी, हात वरच ठेवा, योग मोडतोय!" त्या दिवशी जे हसू फुटलं तसं मी त्या आवारात कधी ऐकलं नव्हतं. क्रेनवाला वर बसल्या जागी डोळे पुसत होता. शेठजी आधी लाल झाले, मग पँट धरून स्वतःच हसायला लागले. बाई मला म्हणाल्या, "आजचा कार्यक्रम चांगला झाला."

एप्रिल लागला. एमआयडीसीत एप्रिलात वरून सूर्य आणि खालून लोखंड. एका दुपारी मी ऑफिसात एका ट्रकवाल्याशी हुज्जत घालत होतो आणि एकाएकी मिलचा आवाज थांबला. भरपाळीत मिल थांबते ती काहीतरी वाईट झालं तरच. मी ट्रकवाल्याला तसाच सोडून पळालो.

हसनाबादवाला जमिनीवर बसला होता. पडला नव्हता, बसला होता, हातात सांडशी तशीच. त्याच्या जोडीदारानं ओरडून स्विच बंद करायला लावला होता. मोकळी सुटलेली सळई बाजूच्या वाळूत वेटोळं करून पडली होती आणि अजून लाल होती. कुणाला लागली नव्हती. मी त्याला हाक मारली. त्यानं माझ्याकडं पाहिलं, पण त्याला मी दिसत नव्हतो. तोंडानं काहीतरी बडबडत होता, त्यात एकही शिवी नव्हती. मला खरी भीती वाटली ती तेव्हा.

चौघांनी उचलून त्याला सायकल स्टँडच्या खाटेवर आणलं. बाई तिथंच होत्या. त्यांनी शर्टाची बटणं काढली, गोणपाट भिजवून अंगावर टाकायला लावलं, मला खोक्याचं झाकण दिलं आणि म्हणाल्या, "वारा घाला, थांबू नका." मी जन्मात एवढ्या जोरात हात हलवले नव्हते. तेवढ्यात शेठजी धावत आले. हातात थर्मास.

"मॅडम, काढा देऊ का याला?"

"शेठजी, बाजूला व्हा. वारा अडतोय."

शेठजींना असं कुणी बोलताना मी आधी ऐकलं नव्हतं. ते बाजूला झाले. मग त्यांनीच गाडी काढायला लावली आणि ड्रायव्हरशेजारी बसून दवाखान्यापर्यंत त्याला मागं वळून वळून बघत आले. मागच्या सीटवर त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि ओल्या गोणपाटाचं पाणी शेठजींच्या पांढऱ्या कव्हरवर गळत होतं.

सलाईन लागलं. संध्याकाळी त्यानं नीट डोळे उघडले, आधी मला ओळखलं, मग शेठजींना. म्हणाला, "घरी सांगू नका बरं शेठजी. बायको म्हणल, बघा, दिवसा झोपून राह्यला."

शेठजी हसायला गेले आणि त्यांना ते जमलं नाही. उठून बाहेर गेले.

बाहेरच्या बाकावर स्कूटीवरून मागोमाग आलेल्या बाई बसल्या होत्या. शेठजी त्यांच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, "मी तर सगळं करून राह्यलो होतो ना मॅडम. योगा, काढा, जे मला बराबर लागू पडलं ते सगळं यांना दिलं."

"तेच चुकलं," बाई म्हणाल्या. "तुम्ही आयुष्यभर गार खोलीत बसून खाल्लं, म्हणून तुम्हाला घाम आणि उपास लागू पडला. यांचं दोन्ही रोज होतं. यांना गारवा पाहिजे, पाणी पाहिजे, मधेमधे बसायला जागा पाहिजे. त्याच्यानंतर बाकीचं."

"बसायला दिलं तर माल कोण काढणार?"

"आज किती निघाला?"

शेठजी बाकावर बसले. छातीवर हात ठेवून बसले, तेव्हा मी घाबरलो, पण ते नुसतेच बसले होते.

दुसऱ्या दिवशी मी कामावर आलो तेव्हा शेठजी माझ्याआधी येऊन ऑफिसमागच्या गोदामाच्या दारात उभे होते. जळक्या मोटारी आणि तुटकी पाती ठेवायची खोली ती. "हे सगळं भंगारात काढा," म्हणाले. आठवडा सरायच्या आत तिथं चटया आल्या, वाळ्याचे मोठे कूलर आले, माठ आले, लिंबू-मिठाच्या पाण्याची टाकी आली. सांडशीवरच्या माणसांना पाळीपाळीनं तिथं जाऊन बसायची मुभा मिळाली. फोरमन फार कुरकुरला. म्हणाला, उद्या हे लोक उशा घेऊन येतील. त्यातल्या एकानं खरोखरच आणली.

शेठजींनी दारावर 'निरामय कक्ष' अशी पाटी रंगवून घेतली. ती वाचायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. माणसं त्या खोलीला माहेर म्हणायला लागली. "कुठं गेल्ता रे?" असं फोरमननं विचारलं की उत्तर यायचं, "माहेरी गेल्तो."

हसनाबादवाला परत आला तो वजनकाट्यावर. बाईंनी तसं लिहून दिलं होतं. तिथं त्याला करमत नाही. दिवसभर ट्रकवाल्यांना टोमणे मारतो आणि मग ते येऊन माझ्याशी भांडतात. चहा परत सुरू झाला. शेठजींची इभ्रत राहावी म्हणून पातेल्यात तुळशीची पानं टाकतात. योगही चालतो, पण आता तो धूर चुकवायला शेडच्या आतल्या बाजूला, आणि बाई कंबर-पाठ मोकळी करण्यापुरताच घेतात. माझी साखर थोडी उतरली आहे. पोट जिथल्या तिथं आहे.

मागच्या मे महिन्यात एकदा मी कशाला तरी त्या खोलीत गेलो. दुपार होती, कूलरचा घरघर आवाज, चटईवर सात-आठ माणसं आडवी. दार ढकलून शेठजी आत आले. ऑफिसचा एसी बिघडला होता की दुसरं काही, मी विचारलं नाही. त्यांनी बूट काढले, दोघांच्या मधे जागा बघितली आणि सरळ आडवे झाले. मला वाटलं, आता सगळे धडपडून उठतील. कुणी हललं नाही. थोड्या वेळानं शेठजी घोरायला लागले.

शेजारच्या माणसानं डोळे न उघडता त्यांना कोपरानं ढोसलं. "शेठजी, पाय आवरा जरा. कूलर अडतोय."

शेठजींनी पाय आवरले.