टँकरच्या रांगेतली कादंबरी

माझं माहेर नांदेडचं. घरामागची गल्ली उतरलं की गोदावरी. पाणी मोजून वापरतात हे लग्न होऊन लातूरला येईपर्यंत मला ठाऊकच नव्हतं. लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं. नव्या कचेऱ्या, नव्या पाट्या, नवे साहेब. माझे यजमान त्यातल्याच एका कचेरीत कारकून म्हणून बदलून आले, आणि आमच्या पाठोपाठ दुष्काळ आला. गल्लीतले लोक म्हणायचे, "सायेब आले आन पानी गेलं." तान्हं लेकरू, भाड्याची एक खोली आणि दिवसाआड येणारा टँकर. त्या उन्हाळ्यात मी रोज रडायचे. सांगायला लाज कसली?

टँकर दुपारी येतो म्हणायचे. पण आमच्या गल्लीची दुपार जेवणापासून दिवेलागणीपर्यंत कुठंही असायची. घागर रांगेत लावली की नंबर धरला. मात्र घागरीला डोळ्याआड केलं की ती मागं सरकलीच समजा. म्हणून घागरीशेजारी लिंबाखाली बसून राहायचं. माझ्या पुढची घागर जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या बाईंची. त्यांची शाळा सकाळची होती आणि त्यांच्याकडे वाचनालयाचं कार्ड होतं. माझ्या मागची घागर समोरच्या आडतवाल्यांच्या थोरल्या सुनेची. ती निलंग्याकडची, म्हणून आम्ही तिला निलंगेवाली वहिनी म्हणायचो.

एवढ्या मोठ्या घरची सून रांगेत का, तर तिच्या सासूबाईंचा नेम. त्या सकाळी कपाळभर विभूती लावून लिंगपूजेला बसायच्या. पूजेचं आणि पिण्याचं पाणी घरच्या बाईनंच भरून आणलं पाहिजे, गड्याच्या हातचं चालायचं नाही. घरची विहीर आटली आणि त्या नेमापायी सुनेला उंबऱ्याबाहेर पाय टाकता आला. एरवी तिला देवळातसुद्धा सासूबरोबरच जावं लागे. घरात पुस्तक हातात दिसलं तर सासूबाई म्हणायच्या, "काम सरलं का?" काम सरायचं नाही, हे दोघींनाही माहीत होतं.

बाई कादंबरी आणायच्या आणि रांगेत मोठ्यानं वाचायच्या. त्यांचा घसा सुकला की मी वाचायचे. वाचून झालं की आमची मतं. ती कुठं छापून यायच्या लायकीची नव्हती. एका कादंबरीतली नायिका दुःख झालं की नळ सोडून तासन्‌तास न्हायची. मी चिडून विचारलं, "किती बादल्या ओतून राहिली ही?" बाई म्हणाल्या, "ते सोडा. हिच्या घरची भांडी कोन घासतं, ते लिव्हणारा सांगतच न्हाई. मी त्याच बाईची वाट बघून राहिले." बाईंची आई दुसऱ्यांच्या घरी राबून गेलेली; प्रत्येक कादंबरीत त्या तिलाच शोधायच्या. निलंगेवाली वहिनी चांगलं की वाईट काहीच बोलायची नाही. फक्त म्हणायची, "मग?" आणि बाईंनी पुस्तक मिटलं की तिचा चेहरा असा व्हायचा, की मी लेकराकडं बघायचं निमित्त करायचे.

एकदा टँकरचा आवाज आला, सगळ्या बाया उठल्या, आणि ही एकटी बसून राहिली. मी म्हटलं, "वहिनी, आला की." ती हळूच म्हणाली, "पानी नको का वाटंल मला? पन नळ आला तर मी कुठं जाऊ वो?" मला तिचा रागच आला. माझ्या लेकराच्या अंगावर घामोळ्यांनी कातडं उरलं नव्हतं आणि ही टँकर लांबावा म्हणत होती. मग कळलं, ती खरंच बोलत होती. आम्हाला पाणी हवं होतं. तिला रांग हवी होती.

त्यानंतरच्या कादंबरीत एक बाई होती. सरळ घरातली, नवरा मारकुटा नाही, सासू खाष्ट नाही. फक्त तिला कुणी काही विचारत नाही. आम्ही निम्म्यावर आलो होतो आणि ती बाई लेकराला निजवून परसदारी नुसती उभी होती, एवढ्यात आडतवाल्यांच्या अंगणात बोअरला पाणी लागलं. नारळ फुटला, गल्लीत साखर वाटली. साखर वाटायला वहिनीच आली. दुसऱ्या दिवसापासून तिची घागर रांगेत दिसली नाही.

वहिनीच्या सासूबाईंचं मन मोठं होतं, हे मला सांगितलंच पाहिजे. सगळी गल्ली त्यांना अव्वा म्हणायची. त्यांनी निरोप धाडला, तान्ह्या लेकराच्या आईनं रोज एक घागर घेऊन जावी. मी गेले. अव्वा ओसरीवर तूर निवडत होत्या. वहिनी हापसा मारत होती. खाली मान घालून, अगदी साध्या आवाजात ती म्हणाली, "तुमच्या त्या मावसबहिणीचं काय झालं वो पुढं? परसदारी उभी राहिलती ती?"

मला मावसबहीण नाही. परसदारी उभी होती ती कादंबरीतली बाई. मी म्हणाले, "अहो, काय सांगू, दुसऱ्या दिवशी तिनं पेटीतली साडी काढली."

अशी ती कादंबरी मी घागर भरेपर्यंत, थोडी थोडी, घरची बातमी म्हणून सांगू लागले. रात्री बाईंकडून पुढचं पान वाचून यायचं आणि सकाळी हापशाजवळ ओतायचं. अव्वाही रंगल्या. त्यांची मतं आमच्यापेक्षा खमंग. "नवरा गप्प बसतो म्हंजी चांगला झाला व्हय? दगडबी गप्पच बसतो," त्या म्हणाल्या. वहिनी हसली. त्या अंगणात मी तिला हसताना पाहिलं ते तेवढंच. मला वाटलं, जमलं. सासूच्या देखत तिची कादंबरी चालू राहिली, आता दुष्काळ सरो नाही तर उरो.

मग ते प्रकरण आलं. ती बाई लेकराला शेजारणीच्या मांडीवर देते आणि एकटीच एस.टी.त बसते. नर्सचं शिकायला. मी सांगितलं. वहिनीचा हात दांड्यावर थांबला. "मग?" ती म्हणाली.

अव्वांनी तुरीचं सूप बाजूला ठेवलं. "लेकरू टाकून गेली?"

"हो."

"तुमची सख्खी मावसबहीण?"

नाही म्हणावं तर सगळं बाहेर पडलं असतं. पुस्तक, रांग, आम्ही दोघींनी अव्वांच्या नाकाखाली चालवलेला खेळ. त्याचा भोग वहिनीला भोगावा लागला असता. म्हणून मी म्हणाले, "हो, सख्खी."

अव्वांनी सूप पुन्हा पुढं ओढलं. मग मऊ आवाजात म्हणाल्या, "बाई, तुमचा काय दोस न्हाई त्यात. पन आमच्या धाकट्याचं जुळवायलाव. पावनं येतेत, इचारतेत, घरी कोन येतंय, कोन जातंय. तुमी कामून तकलीफ घेता? उद्यापासून गडी पानी आनून देईल. एक न्हाई, दोन घागरी."

वहिनीनं वर पाहिलं नाही. माझी घागर कधीच भरली होती, तरी ती हापसा मारत राहिली. पाणी काठावरून सांडून अंगणात पसरलं. "अगं, पानी!" अव्वा ओरडल्या, तेव्हा ती थांबली.

बाईंनी आणि मी ती कादंबरी नंतर संपवली. शेवटी ती बाई शिकून परत येते आणि लेकराला घेऊन जाते. बाई म्हणाल्या, "बरी हाय. पन त्या शेजारनीनं लेकरू सांभाळलं त्याचं काय?" मला मत नव्हतं. ती परत येते एवढंच वहिनीला कसं सांगावं, ह्याच विचारात मी होते. गड्याच्या हाती निरोप धाडावा, तर तो अव्वांसमोरच सांगणार. रस्त्यात ती एकटी दिसायची नाही. तिच्यापुरती ती बाई एस.टी.त बसून निघून गेली, आणि लेकरू शेजारणीच्या मांडीवरच राहिलं.

गडी रोज सकाळी यायचा. दोन घागरी दारात ठेवायचा आणि रिकाम्या घेऊन जायचा. पाणी नको, असं त्याला एकदा तरी सांगावं असं मला रोज वाटे. सांगितलं नाही. पाऊस येईपर्यंत मी लेकराला त्या पाण्यानं रोज न्हाऊ घातलं, आणि त्याची घामोळी गेली.